बाबांच्या गाडीचा आवाज

रांझीतल्या गॅरेजच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. बाबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा कार्बोरेटर झिजला होता. ओरिजिनल कुठं मिळेना, म्हणून दुसऱ्या कंपनीचा बसवायचा होता. त्यानं बॉनेट उघडलं, पण पाना उचलला नाही. आधी इंजिन सुरू करायला लावलं आणि मडगार्डवर तळहात ठेवून, मान खाली घालून बराच वेळ ऐकत राहिला. मयताला आलेला माणूस उभा असतो तसा.

“आवाज बदल जाएगा, भैया,” तो म्हणाला. “घरी हा आवाज कोणी ओळखते काय?”

“आई,” मी म्हणालो. बाबा गेल्यापासून गाडी मीच चालवतो. आईला आता धड दिसत नाही, आठवतही नाही. पण ही गाडी गल्लीत वळली की ती फाटक उघडायला येते.

मग त्यानं पाना उचलला. काम आटोपल्यावर जुना कार्बोरेटर फडक्यात बांधून त्यानं माझ्या हातात दिला. “आज हॉर्न वाजवजा,” एवढंच म्हणाला.

गाडी छान चालली. विजय नगरला घराशी मी हॉर्न वाजवला. आई आली, फाटकाची कडी न काढता उभी राहिली आणि परक्याला सांगावं तसं म्हणाली, “हे अजून घरी नाही आले जी.”