हुमैदची पावलं कुठे गेली

बिदिया गावच्या वाळवंटी वाळूत हुमैदचा हात धरणारा कोणी नव्हता, ते दोन बाबतींत. एक, उभ्या टेकडीवर गाडी चढवणं. दुसरं, माग काढणं. ठसे पाहून उंटीण कोणाची, गाभण आहे का, आणि तिच्यामागून गेलेला धनी बायकोशी भांडून आलाय का, हेही तो सांगायचा. हे शेवटचं तर बिदियात सहसा चुकत नसे.

एका शुक्रवारी सगळं गाव कहव्याच्या किटल्या घेऊन टेकडीखाली बसलेलं असताना त्याची गाडी माथ्यावरून उडाली, पलीकडे नाकावर आपटली आणि कुशीवर पडली. हेल्मेट गाडीतच होतं, पण त्यात खजूर ठेवले होते. डोकं गाडीच्या लोखंडी खांबावर आदळलं.

इस्पितळातल्या सुदानी डॉक्टरीण इख्लासबाईंनी डोक्याचा फोटो पाहिला. म्हणाल्या, "आज काही दिसत नाही. पण असल्या माराचं रक्त आत हळूहळू साकळतं, महिन्यानेसुद्धा. दुखो वा न दुखो, पुढच्या आठवड्यात परत या, आणि मी नको म्हणेपर्यंत येत राहा. नाहीतर जिवावर बेतेल."

"येतो की," हुमैद म्हणाला. सासुरवाडीला म्हणतो त्याच सुरात.

तो गेला नाही. गावातल्या म्हातारीकडून मानेला तापल्या सळईचे डाग घेतले आणि बरा झालो म्हणून बकरा कापला.

मग ती पावलं दिसू लागली.

रोज पहाटे अंधुक उजेडात हुमैद उंटांकडे जाई. ऊन वर आलं की अंगणात एक परका माग दिसे: उजवं पाऊल नीट, डावं ओढत नेलेलं, जसं कोणी मेलेलं मेंढरू फरफटवावं. तो माग घराच्या उंबऱ्यातून निघे, कुंपणापर्यंत जाई आणि परत उंबऱ्यातच शिरे.

"कोण लंगडा आहे हा?" हुमैद कुजबुजला.

"मला काय विचारता, अबू जाहर?" बायको रय्या म्हणाली. नवऱ्याला ती तिकडच्या रीतीने, मुलाच्या नावावरून, जाहरचा बाप म्हणून हाक मारी. "आख्ख्या वाळवंटाचे माग तुम्ही काढता. घरात शिरलेला सापडेना होय?"

तिने थट्टा केली खरी, पण उंबऱ्यावर मीठ टाकलं. हुमैदलाही आताशा डावीकडून कोणीतरी चालतंय असं वाटे. वळून पाहिलं की कोणी नसे. कहव्याचा पेला हातातून आपोआप निसटे. डोकं ठणके, ते तो कोणाला सांगत नसे.

एका सकाळी तो अंगणात उकिडवा बसून एकेक माग वाचू लागला. रय्याची पावलं होती, शेळ्यांची होती, कोंबडीची होती, त्या लंगड्याची होती. त्याची स्वतःची कुठेच नव्हती.

मेलेल्या माणसाचं वजन वाळू घेत नाही, असं त्याची आजी म्हणायची.

"रय्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्या शुक्रवारी मी टेकडीवरून परत आलो ना?"

"काल परातभर भात खाल्लात. मेलेली माणसं दुसऱ्यांदा वाढायला सांगत नाहीत."

तरी त्याला राहवेना. तिसऱ्या प्रहरची, अस्रची नमाज झाल्यावर त्याने खजुराच्या झावळीने सगळं अंगण झाडून सपाट केलं. आज लंगड्याला धरायचंच. तो कुंपणापर्यंत गेला आणि गर्रकन वळला.

मागे परका माग होता. उजवं पाऊल, ओढलेलं डावं. अगदी ताजा; कडेचे कण अजून खाली घसरत होते. आणि अंगणात दुसरं कोणीही नव्हतं.

"तो इथेच आहे!" हुमैद ओरडला. "माझ्या पाठीला चिकटलाय!"

रय्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती मागाकडे बघत नव्हती.

"अबू जाहर, परत चाला बघू. माझ्याकडे या."

तो चालला.

"तुमची डावी चप्पल कुठे आहे?"

चप्पल कुंपणाशी पडली होती. ती कधी सुटली, हे पायाला कळलंच नव्हतं.

"गप! माझी पावलं मला ओळखता येत नाहीत?" तो म्हणाला, पण जीभ जड झाली होती.

रय्याने त्याच्या काखेत हात घालून त्याला पिकअपमध्ये बसवलं आणि स्वतः चाक धरलं. बिदियातला पहिला गाडीवान रस्ताभर शेजारी बसून होता, आणि त्याने एकदाही गिअरवरून तिला टोकलं नाही. तेव्हा मात्र ती खरी घाबरली.

इख्लासबाईंनी नवा फोटो पाहिला आणि बोलणं ऐकायला थांबल्याच नाहीत. कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं. "आणखी दोन दिवस गेले असते, तर मला भेटायला तुमची बायको एकटीच आली असती," एवढंच नंतर म्हणाल्या.

आता हुमैद प्रत्येक तपासणीला जातो, बोलावलेल्या वेळेच्या आधी. गाव म्हणतं, बाईंनी झापलं असणार. इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीत त्याला चकचकीत फरशीवर चालवतात. डावा पाय आता बराच उचलला जातो. पण चार पावलांवर तो थांबतो आणि मान न वळवता हळूच विचारतो, "रय्या, मागे बघ. काही उमटतंय का?"

रय्या कोऱ्या फरशीकडे बघते.

"उमटतंय," ती म्हणते. "पुढे बघून चाला."