आखूड पावलं

पेशव्यांच्या राज्यात मी पुण्याच्या कोतवाल चावडीवर कारकून होतो. किल्ल्यावरची कैद भोगून आलेल्यांच्या बेड्या आमच्या अंगणात लोहार तोडायचा. तिथे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा तेलाची वाटी घेऊन बसलेला असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानेही बारा वर्षं किल्ल्यावर काढली होती, एवढंच ठाऊक होतं. सुटलेल्याच्या घोट्यांना तो तेल चोळायचा आणि हात धरून त्याला मुठेच्या काठाने चालवायचा.

एकदा कसब्यातला एक साळी सुटला, पण जागचा हलेना.

"घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" तो रडू लागला.

"तोंडाचं मागाहून बघू," म्हातारा म्हणाला. "बेडी तुटली तरी पाऊल आखूडच पडतं. मला ते लांब टाकायला वर्ष लागलं. शिकवायला कुणी नव्हतं."

आठवडाभर त्याने साळ्याला चालवलं. शेवटी कसब्यापर्यंत सोडायला गेला, तेव्हा मीही मागोमाग गेलो. साळ्याची बायको दारात आली. त्याच्या घोट्यांकडे पाहून म्हणाली, "पाय धुवा. पान वाढते."

म्हातारा कोपऱ्यावरूनच माघारी वळला. सुटकेचे कागद मी पुष्कळ लिहिले होते. माणूस सुटलेला मात्र त्या दिवशी प्रथम पाहिला.