रविवारच्या पाइपाची तंबाखू

पाइप आमच्या घरात आला तो लिलावातनं. कुणी गोरा साहेब बदली होऊन चालला होता आणि त्याच्या खुर्च्या, आरसे, अगदी कुत्र्याची साखळीसुद्धा विकायला मांडली होती. आमचे हे खुर्ची आणायला गेले आणि पाइप घेऊन आले. तपकिरी लाकडाचा, मुठीत बसेल एवढा, पोट गोल आणि मान वाकडी. सासूबाईंनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "साहेबाची उष्टी चिलीम? बसायला खुर्ची आण म्हटलं होतं की रे!"

हे शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवायचे. पान नाही, विडी नाही, चहासुद्धा सकाळी एकदाच. त्यामुळं पाइप हा त्यांचा एकुलता एक लाड. तोही फक्त रविवारी, जेवण झाल्यावर, सोप्यात चटईवर टेकून बसून. "हे व्यसन नव्हे, छंद आहे," असं ते दर रविवारी न चुकता सांगायचे. सासूबाई दिवसातनं तीनदा मशेरी लावायच्या. त्या तोंडातलं बोट न काढताच मान डोलवायच्या.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर महाराज होते आणि तिकडं विलायतेत मोठी लढाई पेटली होती. सुरुवातीला ह्यांना साहेबी तंबाखूचा एक डबा कसाबसा मिळाला, पण पुढं लढाईपायी डबे यायचेच बंद झाले. मग ह्यांची बाजारात शोधाशोध सुरू झाली. पहिल्यांदा काय आणावं? चुना लावून खायची तंबाखू! तीच पाइपात गच्च ठासली, काडी ओढली आणि एक झुरका घेतला मात्र, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सासूबाई पाठीवर थापट्या मारतायत, मी पाणी घेऊन उभी, आणि मला हसू काही आवरेना. पदरात तोंड लपवलं तरी खांदे हलायचे ते हललेच. "यात हसण्यासारखं काय आहे?" ते खोकता खोकता ओरडले. त्यानंतर विडीची तंबाखू आणली, ती भुसासारखी जळून गेली. चिलमीची आणली, तिचा वास असा की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

मला त्या धुराचा भारी राग यायचा. धुराचा म्हणजे वाईट तंबाखूचा. मी कुरुंदवाडची, कृष्णाकाठची. आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, तंबाखूची शेती. खालचं पान मातीनं खरबरीत, शेंड्याचं पान जहाल, ओढायला हवं ते मधलं, हे मला पाटीवर अक्षर गिरवायच्या आधीपासनं ठाऊक. चुलीपुढं बसून मला वासावरनं कळायचं, की आज आणलेलं पान ओलं असताना रचलेलं आहे, आतनं बुरसलंय. जीभ नुसती वळवळायची. पण बोलायची सोय नव्हती, कारण आमच्या घरात माझ्या माहेराचं नाव काढायचं नाही असा ह्यांचा हुकूम होता.

त्याचं असं झालं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला आम्ही कुरुंदवाडला गेलो होतो. ऐन दुपारी आबा जावयाला आपलं पान दाखवायला घेऊन गेले. वाळलेल्या पानांच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या. ह्यांना वाटलं, आपणही थोडं कौतुक दाखवावं. त्यांनी एक जुडी दोन्ही हातांनी उचलली, दाबली, दुसरी उचलली, तीही दाबली. पानं कुडकुड मोडली आणि चुरा धोतरावर सांडला. आबांचा आवाज मुळात मोठा, त्यात ते भडकले. दहा गडीमाणसांच्या देखत गरजले, "ओ पावणं, हात काढा! शाळंत पोरं मोडा, माझं पान मोडू नगासा!"

गडी हसले. हे लालबुंद झाले. जावयाला असं बोलायचं? त्याच पावली त्यांनी गाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन कोल्हापूर गाठलं. सासऱ्यांनी माफी मागितल्याशिवाय आपल्या घरातलं कुणी तिकडं जाणार नाही, हा शब्द. आबांचा उलटा निरोप आला, "माफी कुणी मागायची? मी, का पान मोडणाऱ्यानं?" झालं! दोघं दोन टोकांना ताठ, आणि मधल्या मधे मी. माझं पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगी तीन वर्षांची झाली, तरी तिनं आजोळ बघितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ मात्र बाजाराला आला की मागच्या दारानं मला भेटून जायचा. सासूबाईंना ते माहीत होतं. त्या तेवढ्या वेळापुरत्या देवळात जायच्या, वरनं बोलायच्या मात्र काही नाहीत. असाच एकदा तो आला आणि उंबऱ्यावर बसून म्हणाला, "आक्का, आबास्नी आता नीट दिसत न्हाय. दारात कुणाचं पाऊल वाजलं की इचारत्यात, आक्का आली काय. नात बघायची राहिली म्हणत्यात. डोळं हायत तंवर ये की गं."

मी त्याच्यादेखत रडले नाही. तो गेल्यावर मात्र जात्यापाशी बसून पोटभर रडले. मला माझ्या बापाला भेटायचं होतं, तो मला बघू शकतोय तोवर. एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मागायची चोरी.

पुढच्या खेपेला मी भावाला सांगितलं, "मधलं पान आण. दोन सालं मुरलेलं. आबांना काही सांगू नको." त्यानं वांग्यांच्या पाटीत तळाशी घालून आणलं. फडकं सोडलं तर तो वास! माझं सगळं लहानपण नाकात शिरलं. पहाटेच्या दमट हवेत पान मऊ असताना मी त्याच्या शिरा काढल्या, विळीवर बारीक चिरलं, गुळाच्या पाण्याचा हात फिरवला आणि पाट्याखाली दोन दिवस दाबून ठेवलं. मग सावलीत सुकवलं. पहिल्या वेळी गूळ जास्त झाला, सगळं चिकट. ते परड्यात पुरलं. दुसऱ्या वेळी जमलं. साहेबी तंबाखूचा रिकामा डबा माळ्यावर होता, त्यात भरलं.

"कुठनं आणलीस?" ह्यांनी रविवारी विचारलं.

"मागवली बाजारातनं," मी म्हटलं आणि भांडी घासायला बसले.

जरा वेळानं सोप्यातनं हाक आली. "अगं, इकडं ये! ही त्या डब्यापेक्षा सरस आहे." डोळे मिटलेले, पाय लांब सोडलेले, धूर कसा सावकाश वर जात होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण भीतीही वाटली. ज्या माणसाचं नाव घ्यायची बंदी, त्याच्याच घामाचं हे पान. ह्यांना कळलं तर पाइपासकट सगळं उकिरड्यावर जाईल आणि माहेरची वाट कायमची बंद होईल.

असे चार महिने गेले. मग एकदा भावाला यायला जमलं नाही आणि डबा रिकामा झाला. ह्यांनी रविवारी डबा उघडला, तळ खरवडला आणि म्हणाले, "त्या दुकानाचा पत्ता सांग बघू. मीच जातो. खरा जाणकार आहे तो माणूस, त्याला भेटलंच पाहिजे."

जाणकार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस धरून ठेवलेलं तोंड सुटलं ते सुटलंच. "जाणकार तुम्हाला रोज जेवायला वाढतेय! निवडली मी, चिरली मी, गूळ घातला मी. आणि पिकवली कुणी माहितेय? माझ्या आबांनी."

त्यांनी डबा हळूच खाली ठेवला. "चार महिने मला फसवलंस?"

"व्हय, फसवलं," मी म्हटलं. रागाला आले की मी अजूनही कुरुंदवाडचीच होते. "आणि तुम्ही चार वर्षं माझं माहेर बंद केलंत, त्याला काय म्हणायचं? माझा बाप आंधळा व्हायला लागलाय. त्यानं नातीचं तोंड बघितलेलं नाही."

सासूबाईंनी मशेरीचं बोट तोंडातनं काढलं. हे उठले, पाइप पेटीत टाकला आणि पायांत चपला सरकवून बाहेर गेले.

त्यानंतर दोन रविवार पाइप निघाला नाही. हे माझ्याशी मीठ-भाजीपुरतं बोलायचे. मीही काही मनधरणी केली नाही. खरं तर आतनं टरकले होते. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं वाटायचं. सासूबाई मात्र एकदा भाजी निवडताना हळूच म्हणाल्या, "बरं केलंस. मला धीर झाला नव्हता."

तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी मला सोप्यात बोलावलं. चटईवर तीन पुड्या मांडल्या होत्या, तीन दुकानांतनं आणलेल्या. हे हाडाचे मास्तर. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, हे त्यांना रागापेक्षाही जास्त सलायचं. म्हणाले, "तुला कळतं तरी कसं? शिकव मला."

मी समोर बसले. चिमूट चोळायला लावली, नाकाशी धरायला लावली. ही बुरसलेली, ही शेंड्याची, ही बरी आहे पण कच्ची, अजून एक साल मुरायला हवी होती. ते पोरासारखे मान हलवत होते. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "पण त्या दिवशी पान मोडलं कसं? मी जोर लावला नव्हता."

"दुपार होती ना," मी म्हटलं. "वाळलेल्या पानाला उन्हात कुणी हात लावत नाही. पहाटे दवानं ते मऊ पडतं, तेवढ्यातच उचलायचं, रचायचं. आबा त्यासाठी सगळा हंगाम पहाटेचे उठतात."

त्यांनी हातातली चिमूट पुडीत परत ठेवली. "म्हणजे मी त्यांचं वर्षाचं काम हातात चुरडलं," ते म्हणाले. "आणि वर रुसून बसलो. अगं, मला कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी?"

मधे भाऊ पान देऊन गेला, मी डबा पुन्हा भरला आणि पुढच्याच सुट्टीत आम्ही रेल्वेनं शिरोळ रोडपर्यंत आणि तिथनं बैलगाडीनं कुरुंदवाडला गेलो. आबा सोप्यात घोंगड्यावर बसले होते. मी पायाशी वाकले तर त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग नातीचं. आणि नुसते नाक ओढत राहिले. माझ्या डोळ्यांतनं तर धारा लागल्या होत्या, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. ह्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं."

"माझं तोंड बी वाईटच हाय," आबा म्हणाले. "बसा. ती साहेबाची चिलीम म्हणं काय आणलीया, बघू तरी."

हे लाजले, थोरांपुढं ओढायची कशी? पण आबांनी भरलेला पाइप ह्यांच्या हातातनं घेतलाच. देठाला ओलं फडकं गुंडाळलं, चिलमीसारखा मुठीत धरला आणि असा काही दम मारला की पाइपाचं पोट चटका देण्याइतकं तापलं. "हॅत् तिच्या! ही काय चिलीम हाय व्हय? दमच धरत न्हाय." हे जवळ सरकले आणि सावकाश, बारीक बारीक कसं ओढायचं ते सांगायला लागले. आबांनी चक्क ऐकलं. दोन झुरके घेऊन विचारलं, "कुणी केलीया ही तंबाखू?"

"तुमच्या लेकीनं."

"गूळ अंमळ जास्त पडलाय," आबा म्हणाले. पण पाइप काही परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी हे कोल्हापूरला परत निघाले. लेक माहेरी किती दिवस राहणार, हे आमच्याकडं सासरा आणि जावई ठरवायचे. लेकीनं आत भाकरी थापत ऐकायचं. आबांनी विचारलं, "मग जावईबापू, किती दिस ठेवताय हिला?" माझे हात काटवटीतच थांबले. दोन दिवस म्हणतील, फार तर चार.

"मला कशाला विचारता?" ह्यांचा आवाज आला. "तिला विचारा."

"आँ?" आबा म्हणाले. आपण नीट ऐकलं असं त्यांना बहुतेक वाटलं नसावं. मी पिठाच्या हातांनी तशीच दारात येऊन उभी राहिले.  आजवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हैनाभर," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पडला. "महिन्यात चार रविवार येतात गं," ते हळूच म्हणाले.

"मग चारी रविवारी इथं यायचं," मी म्हटलं.

आणि आले की! चारी रविवारी आले.