मारुतीपुढे उलटा चालताना

बाच्या शर्टाची बटणं मी लावायचो. लकवा मारून त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय ओढत तो चालायला लागला, तेव्हापासून सकाळी जीप काढायच्या आधी हे काम माझं. त्याला डाव्या हातानं एक बटण लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी सगळी लावून मोकळा होतो, आणि तिकडे नाक्यावर पॅसेंजर ताटकळत असतात. मी खोडाळा ते मोखाडा जीप चालवतो. थांबणं माझ्या स्वभावातच नाही. पुढे एसटी उभी राहिली तरी माझा हात हॉर्नवरून निघत नाही.

बायको रोज टोकायची, "लावू दे की त्याचं त्याला. डॉक्टर काय म्हणाले? हात वापरला तर हात येईल."

"मग तूच बस बघत," मी म्हणायचो.

ती खरंच बसायची बघत. मला नाही जमायचं. समोर म्हातारा बटणाशी झटतोय आणि मी नुसता उभा, माझे हात शिवशिवायचे. बा काही बोलायचा नाही. मान वर करून द्यायचा, मी लावायचो आणि निघायचो.

मी येशूला मानतो. भिवंडीला गोदामात माल उतरवायचो तेव्हा दारूनं माझं पार वाटोळं केलं होतं. तिथल्या एकानं रविवारी प्रार्थनेला नेलं आणि हळूहळू बाटली सुटली. गावी आलो तर लोक बोलले, बोलायचेच. पण मी शुद्धीत घरी येतो हे बाला दिसत होतं. तो एवढंच म्हणाला, "तुझा देव तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी. भात एकाच पातेल्यातला खाऊ." तेव्हापासून घरात या विषयावर भांडण नाही.

भांडण झालं ते माझं आणि माझ्या देवाचं. बाला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात केली नाही. सर्वशक्तिमान हा शब्द मी भिवंडीत शिकलो होतो. ज्याला काहीच अशक्य नाही, त्याला एक हात उचलायला काय जातंय? मी काय डोंगर हलवायला सांगत होतो का? एक हात. दहा दिवस झाले, हात चादरीवर पडला होता तसाच. शेवटच्या दिवशी मी व्हरांड्यात गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "तू इथे नाहीसच. गेलास तू." शेजारी एक बाई डबा धूत होती, तिनं दचकून पाहिलं. देवावर राग आला होता आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

जव्हारच्या बाहेर एका घरात आमची रविवारची प्रार्थना असते. पुढच्या रविवारी प्रार्थना उरकून, ती चालवणारे आमचे पाळक चपला घालत होते, तिथेच मी त्यांना गाठलं. म्हटलं, "एक सरळ सांगा. त्याला येत नाही, की त्याला करायचं नाही?"

ते म्हणाले, "येतं त्याला. तो स्वतःला आवरतो."

"आवरतो कशाला?"

त्यांनी चपला काढल्या आणि पायरीवर बसले. म्हणाले, वधस्तंभावर तो होता तेव्हा खालचे लोक काय खिजवत होते, आठव. देवाचा पुत्र आहेस ना, मग ये की खाली. त्याला उतरता येत नव्हतं असं समजू नकोस. ताकद होती आणि त्यानं ती वापरली नाही. माणूस झाला तेव्हाच त्यानं स्वतःचं मोठेपण बाजूला ठेवलं. कोणी म्हणतात, माणसाला स्वतःचं मन दिलं तेव्हापासूनच देवानं आपला हात आखडला. कोणी म्हणतात, नाही, देवाची ताकद कधी तसूभरही कमी होत नाही, फक्त आपल्याला दिसत नाही. "मोठमोठे विद्वान यावर भांडलेत," ते म्हणाले. "मी तुला एका रविवारी काय सांगू?"

"ताकद होती तर वापरायची," मी म्हणालो आणि जीपला किल्ली मारली. मोखाड्याच्या घाटात त्या दिवशी मी जीप अशी चढवली की मागचे पॅसेंजर एकमेकांना धरून बसले होते.

घरी येऊन बाला सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? बा ओट्यावर बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होता. म्हणाला, "आमच्या मारुतीचंपण तसंच. एवढी ताकद, पण शाप लागला, विसरून गेला. कोणी आठवण दिली तर उडणार."

"तो विसरला होता, बा. याला आठवत होतं."

बानं शेंग खाली ठेवली. म्हणाला, "मग तुझ्याचं जास्त अवघड. विसरला त्याचे हात शिवशिवत नाय."

मी लावून द्यायचो त्या बटणांबद्दल तो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता.

होळी झाली की आमच्या गावात बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे लावून माणसं नाचतात. आमच्याकडे प्रत्येक सोंग एकेका घराचं. आमच्या घराचं मारुतीचं. बा मिसरूड फुटल्यापासून मारुती घ्यायचा आणि त्याच्या उड्या बघायला लांबच्या पाड्यांवरची माणसं यायची. यंदा गावचे चार जाणते घरी आले. घरातून कोणीच उतरलं नाही तर सोंग दुसऱ्या घराला द्यावं लागेल, असं त्यांनी नीटच सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला जमणार नाही, माझी श्रद्धा वेगळी. आतून बा पाय ओढत बाहेर आला.

"मी घेतो," तो म्हणाला.

ते गेल्यावर मी खूप बोललो. पडशील, अख्ख्या गावापुढे पडशील, उरलेला पायही जाईल. त्यानं ऐकून घेतलं. मुखवट्यातून समोरचं धड दिसत नाही, म्हणून प्रत्येक सोंगापुढे एक माणूस सोंगाकडे तोंड करून उलटा चालतो, वाट दाखवतो. बा म्हणाला, "तू पुढे चाल. देवापुढे नको चालू. बापापुढे चाल."

पाळकांना विचारलं. त्यांना आवडलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते म्हणाले, "मी नको म्हणणार नाही. तुझं तू ठरव." मनात म्हटलं, झालं, हाही स्वतःला आवरणाराच निघाला.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी उजाडल्यावर देवीचं सोंग निघतं, त्याच्या आधी आमचा मारुती. मी बाला मुखवटा बांधला, डाव्या हातात लाकडी गदा दिली. संबळ सुरू झाला. मी त्याचा लुळा हात एका हातात धरला, दुसरा हात त्याच्या कमरेच्या शेल्यात घातला आणि ओढत निघालो. माझं चुकलं ते इथे. मला फक्त देवळाच्या पायऱ्या दिसत होत्या. कधी एकदा पोचतोय आणि हे संपतंय, बस. जीप जशी रेटतो तसा मी बापाला रेटत होतो.

निम्म्या वाटेत तो उभा राहिला. ओढलं तरी हलेना. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "सोड."

"पडशील, बा."

"सोड म्हणतो ना. हात धरून नेलेला मारुती कोणी बघितलाय का?"

जवळचे लोक हसले. मी सोडलं. दोन हात मागे सरकलो आणि उलटा चालू लागलो. बा डावा पाय टाकायचा, मग उजवा ओढून त्याच्याजवळ आणायचा, मग थांबायचा. संबळवाल्यानं त्याच्या पायाकडे बघत ठेका हळू केला. मी गाडीवाला माणूस, एवढ्या हळू मी कधी चाललो नव्हतो. दोनदा माझे हात आपोआप पुढे गेले. मग मी ते पाठीमागे नेले आणि उजव्या हातानं डावं मनगट आवळून धरलं.

देवळाच्या अलीकडे रस्त्यात पावसानं पाडलेली एक अरुंद घळ आहे. मला माहीत होती. मी ओरडून सांगितलं, पण संबळात त्याला ऐकू गेलं नसावं. उजवा पाय अडकला आणि बा गुडघ्यावर आला. मुखवटा जमिनीला टेकता टेकता राहिला. संबळ थांबला. मागून कोणीतरी म्हणालं, "धर की रे त्याला, कसला पोरगा तू."

मी तांदळाची पोती एकटा जीपवर चढवतो. बाला तर एका हातानं उचलला असता. अंगातली सगळी ताकद माझ्या त्या मनगटाशी येऊन थांबली होती आणि मी ती तिथेच दाबून धरली होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बापाला मातीत पडलेला बघत उभं राहण्याइतकं वाईट काम मी जन्मात केलेलं नाही.

बानं गदा जमिनीत रोवली. तिच्यावर भार टाकला, डावा पाय खाली घेतला. एकदा घसरला. परत रोवली. उठला. मग संबळवाल्याकडे मान वळवली, तो वाजवायला लागला तशी बानं डाव्या पायाची टाच उचलली, बोटभर. ती त्याची उडी. लोकांनी मोठा हाकारा दिला. तिथून पायऱ्यांपर्यंत तो एकटा आला.

देवळापुढच्या मांडवात मी त्याचा मुखवटा सोडला. तोंड घामानं निथळत होतं. पाणी प्यायला, दम घेतला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी पडलो तेव्हा तू होतास?"

"समोरच होतो. दोन हातांवर."

"दिसला नायस. हाक नाय, हात नाय." त्यानं तोंड पुसलं. "मला वाटलं, गेलास तू."

दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून मी देवाला जे बोललो होतो, तेच. मी म्हणालो, "होतो, बा. पूर्ण वेळ होतो." परत एकदा म्हणालो. त्यानं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

मग त्यानं शर्ट अंगात घातला आणि डाव्या हातानं पहिलं बटण पकडलं. ते निसटलं. परत पकडलं. नाक्यावर माझे पॅसेंजर ओरडत असणार. शेवटचं बटण लागेपर्यंत मी तिथेच त्याच्यासमोर बसून राहिलो, आणि माझे हात सारखे शिवशिवत होते.