दाजींच्या मास्कचा डावा गाल

मागच्या उन्हाळ्यात देगलूरला, माझ्या मेहुण्यांच्या, म्हणजे दाजींच्या, आडत दुकानात भिंतीवर टांगलेल्या एका मास्कचा डावा गाल फुगला.

मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. करणी, उतारा, अंगात येणं – असल्या बातम्या टेबलावर आल्या की पहिली कात्री माझी. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

दाजींना त्याच्या आदल्या वर्षी जिभेच्या उजव्या कडेला कॅन्सर निघाला. तंबाखू-चुन्याची सवय जुनी. निदान लवकर झालं, लातूरला ऑपरेशनही झालं. पण काढलेल्या भागाच्या कडेचा रिपोर्ट डॉक्टरांना हवा तेवढा स्वच्छ वाटला नाही, म्हणून वरून रेडिएशन... सहा आठवडे. त्यासाठी मास्क करतात. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवायची. गार झाली की चेहऱ्याचा साचा तयार. रोज तोच मास्क घालून डोकं टेबलाला अडकवतात, म्हणजे किरणांची जागा चुकत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, लातूरला खोली करून त्यांच्यासोबत राहिली. दाजींच्या तोंडात फोड आले, चव गेली.

"वरण कसं झालंय?"

"भिजल्या पुठ्ठ्यावानी."

"मग खावा की. पुठ्ठा तिखट लागत न्हाई."

अक्काने त्यांच्या खिशातली, गल्ल्यातली, गादीखालची तंबाखू शोधून शोधून फेकली. आणि रोज सकाळी उंबऱ्यावर बसून स्वतः दातांना मिश्री लावत राहिली – तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची भुकटी. मी एकदा टोकलं. ती म्हणाली, "दात घासायची असती रे ती. खाऊन कोण राहिलंय?" आमच्याकडे आई, मावश्या, सगळ्याच लावायच्या. विषय तिथंच संपला.

उपचार संपले त्या दिवशी दाजींनी मास्क मागून घेतला आणि दुकानात स्वतःच्या बैठकीच्या वर टांगला. गिऱ्हाइकाने तंबाखू मळायला घेतली की ते वर बोट दाखवायचे, "घालायचंय का ह्यात तोंड?"

फुगवटा अक्कालाच दिसला, धूळ पुसताना.

"उन्हानं झालं असंल," दाजी म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी लातूरच्या टेक्निशियनला फोन केला. भिंतीवरच्या उन्हाने मास्क मऊ होत नाही, त्याला चटका बसेल इतकं गरम पाणी लागतं, तो म्हणाला. आणि झालाच तर सपाट होईल, फुगणार नाही.

आम्ही लातूर गाठलं. दाजींचं तोंड तपासलं – स्वच्छ. बाहेर बाकावर अक्का गालाला पदर लावून बसली होती.

"दाढ ठणकून राहिली."

"मग आत दाखव की, अक्का."

"आधी ह्यांचं होऊ दे. माझी दाढ कुठं पळून चालली?"

घरी आल्यावर दाजींनी पातेल्यात पाणी उकळलं, मास्क बुडवला आणि उलथण्याने गाल चेपून सपाट केला. पोळ्यापर्यंत तो पुन्हा वर आला... आधीपेक्षा मोठा. दाजी दिवसभर जिभेने डावा गाल चाचपत. अक्का त्यांना आरशासमोर बसवून टॉर्च मारून तोंडात बघायची. त्याच आरशात तीही दिसत होती.

पुन्हा लातूर. या वेळी मास्क बरोबर नेला. दाजींचं स्कॅनही स्वच्छ आलं. टेक्निशियनने मास्क त्यांच्या चेहऱ्यावर धरला. बसेना. वजन उतरलंय, तो म्हणाला. मग हनुवटी बघितली, नाक बघितलं आणि थांबला. "हा यांचा नाहीच." मास्कच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर नाव दाजींचं होतं, अक्षर त्याचं स्वतःचं.

"हिला बसतंय का बघा," दाजी हसत म्हणाले. स्कॅनच्या निकालाने ते सुटल्यासारखे झाले होते. "हिचंच नाक बसकं हाय."

"आणा की. तुमच्यापरीस शोभंल मला," म्हणत अक्काने तो घेतला आणि तोंडावर धरला.

कपाळ बसलं. नाक, हनुवटी बसली. डावा गाल फुगवट्यात नीट भरला.

टेक्निशियनने मास्क काढून तिच्या गालावर बोट दाबलं. "हे कधीपासून आहे?"

"दाढ हाय ती," अक्का म्हणाली.

दाढ नव्हती. गाठ जबड्याच्या हाडात उतरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन होणार नाही. दुखणं कमी व्हावं म्हणून रेडिएशन देऊ. अक्काने विचारलं, "ह्यांना दिलं तसलंच ना?" डॉक्टर हो म्हणाले.

मास्क कसा बदलला, हे मी टेक्निशियनला, डॉक्टरांना आणि प्लास्टिकचं काम करणाऱ्या एका जाणकाराला विचारलं. तिघांनीही तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

अक्कासाठी नवा मास्क केला. उपचार अर्ध्यावर थांबवावे लागले. संक्रांतीनंतर अक्का गेली.

दोन्ही मास्क दुकानात शेजारी-शेजारी टांगलेले आहेत. कुठला कुणाचा, हे पट्टीवरचं नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही.