मामांचा जॉर्डन

तोंड चालवणाऱ्या माणसांविषयी लिफ्टवाल्याच्या मनात जुनी तुच्छता होती. उभी हयात त्याने इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत, लिफ्टच्या दोरांना वंगण लावत, बिघाड दुरुस्त करत काढली होती. शेजारच्या लिफ्टमधून वरखाली करणाऱ्यांचे बोलणे त्याच्या कानावर पडे. त्यात ऐकण्यासारखे फारसे काही नसे.

त्या रविवारी मुलीने पसंत केलेला तरुण चहाला आला. तिला बापाचा होकार हवा होता, आणि बापाने तो द्यायचे मनाशी ठरवलेही होते. पण बायकोने आपल्या भावाला बोलावून ठेवले होते, आणि बोलणे बास्केटबॉलवर घसरले.

मेहुणा विमा कचेरीत कारकून. एक जिना चढला की धापा टाकणारा हा गृहस्थ जन्मात चेंडूमागे धावला नव्हता. पण जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवण्याचे काम जणू त्याच्यावरच सोपवलेले.

"जॉर्डन. विषय संपला."

"पण मामा, लेब्रॉन बघा. इतकी वर्षं खेळतोय, अजून दमला नाही," तरुण म्हणाला.

"टिकून राहणं म्हणजे मोठेपणा? मग आमचे साहेबही थोरच. खुर्चीवरून हलत नाहीत."

"साहेब कुणाला पास देतात का? लेब्रॉन देतो."

मुलगी हसली. लिफ्टवाल्याने आपले हसू कपाआड लपवले. दोघेही त्याला रिकामटेकडेच वाटत होते. पण पोरगा निदान स्वतःच्या हिमतीवर मूर्खपणा करत होता.

मेहुण्याने कप आपटला. "ताई, या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे की नाही?"

बायकोने तरुणाकडे नुसते पाहिले. तेवढे पुरले.

"तसं तुमचंच बरोबर आहे, मामा," तो म्हणाला. "सहा अंतिम मालिका खेळला, सहाही जिंकला. जॉर्डनच मोठा. मी उगाच ताणलं."

मेहुणा फुलला. बिस्किटांची बशी त्याने स्वतः पुढे सरकवली.

दोघे उठून गेल्यावर मुलीने विचारले, "बाबा, कसा वाटला?"

"चांगला आहे. तुझ्या मामाला शोभेल."

"तो मुद्दाम हरला. माझ्यासाठी."

"हरला असता तर हरकत नव्हती. हरणारा शेवटपर्यंत भांडतो. हा तुझ्या आईच्या एका नजरेवर पक्ष बदलून मोकळा झाला."

"एका खेळाडूवरून काय बिघडतं?"

"काहीच नाही. फुकटचं मत होतं, तेही त्याला धरवलं नाही."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणताय?"

"नाही कशाला म्हणू? होकार आहे माझा. फक्त कधी अडचणीत त्याचा आधार लागला, तर मामा खोलीत नाही ना, ते आधी बघून घे."

होकार मिळाला होता. मुलगी खिडकीशी गेली. खाली कोपऱ्यावर तो तरुण मामांसाठी टॅक्सी थांबवत होता, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. तिने त्याला हाक मारली नाही.