वैजूने विचारलेलं ‘उपाशी?’

बालाजीचा, वैजूच्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा माझी सुई एका बाईच्या शिरेत होती. नांदेडात माझी रक्त तपासण्याची छोटी लॅब आहे आणि सकाळच्या वेळी तिथे मान वर करायला फुरसत नसते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. नळी भरली, कापूस दाबून धरायला सांगितला आणि मग उचलला. “शकूताई, वैजक्का गेली... रातच्याला डोक्यात रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईस्तोवर...” एवढंच त्याला बोलता आलं. मी फोन ठेवला आणि पुढच्या माणसाला म्हटलं, बाही वर करा. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप. आदल्या रविवारीच फोनवर आमचं भांडण झालं होतं. बीपीची गोळी घेतेस का, एवढंच मी विचारलं होतं, तर ती “बघू” म्हणाली. मी ओरडले, ती माझ्यावर ओरडली आणि पुढच्या आठवड्यात नांदेडला आल्यावर बाकीचं भांडू असं ठरलं. वैजयंताने आयुष्यात एकही भांडण अर्धवट सोडलं नव्हतं. हे सोडलं.

तेव्हापासून तिच्याविषयी जे जे बोललं आणि छापलं गेलं, ते वाचून माझं डोकं फिरलंय. शांत, मितभाषी, सदा हसतमुख. ही कोण बाई, मला माहीत नाही. माझी मैत्रीण तापट होती, भांडकुदळ होती, खोटं दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणूस मेला की त्याला धुऊन-पुसून गुळगुळीत करायची ही जी आपली रीत आहे ना, तिची मला चीड येते. तिचा राग काढून घेतलात तर मागे उरतं काय? तिचं सगळं काम त्या रागातूनच आलं होतं.

आम्ही भेटलो ते नांदेडात, एका भाड्याच्या खोलीत. ती उदगीरची. वडील तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर मुनीम. ती इंजिनिअरिंगला, मी लॅबच्या कोर्सला. सुट्टीहून येताना ती धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणायची आणि खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या माझ्याशी कशावरून तरी वाद घालायची. भाजीवाल्याने मेथी ताजी आहे म्हटलं की हिचा प्रश्न तयार, कशावरून? सरांनी अमुक पद्धत उत्तम म्हटलं की, कशावरून? शेवटी भाजीवाला तिला लांबून पाहिलं की “आल्या कशावरूनबाई” म्हणायचा. कॉलेजात तिला लिस्प नावाची एक जुनी संगणकभाषा सापडली आणि ती तिच्या प्रेमात पडली. त्या भाषेत जिकडे तिकडे कंसच कंस. पोरांनी तिचं नाव देवकी पाडलं, कारण जन्मभर कंसाच्या कैदेत. ती हसायची नाही. कंस उघडला की मिटावा लागतो, म्हणायची, तुमच्यासारखं अर्ध्यात सोडून जाता येत न्हाई.

पुढे ती लातूरला एका कंपनीत लागली. दवाखान्यांसाठी, लॅबसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. लिस्पची एक अलीकडची बोली आहे, जगभरचे हौशी लोक मिळून ती चालवतात, त्या बोलीत ती काम करायची. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ज्या गोष्टीमुळे मला कळायला लागलं ती गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आमच्या भागात कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मोफत तपासणी शिबिर झालं. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय राहवत नाही, तसा संयोजकांनी येईल त्याला आधी चहा-बिस्किट दिलं. चहा आपला, म्हणजे साखर सढळ हाताने. मग ओळीने बसवून रक्त घेतलं आणि ‘उपाशीपोटी’ असं लिहिलेल्या रकान्यात आकडे भरले. दुपारपर्यंत अर्धं गाव मधुमेही झालं! कुणाला विचारावं तर तो म्हणे उपाशीच होतो, चहा काय खाण्यात धरतेत का. लोकांनी गोळ्या सुरू केल्या. एक म्हातारे शेतात भोवळ येऊन पडले, त्यांना मुलगा माझ्याकडे घेऊन आला, तेव्हा साखर तळाला गेली होती. त्या दिवशी मी वैजूला फोन करून तासभर शिव्या घातल्या, तिला नाही, सगळ्या जगाला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मशीनला काय दिसलं?”

“आकडा.”

“आकडा खोटा होता?”

“न्हाई. रक्तात होती तेवढीच साखर दाखवली.”

“मंग खोटं काय होतं, शकू?”

मी म्हटलं, रकान्यावर लिहिलेलं नाव. पलीकडून कीबोर्डची खडखड ऐकू यायला लागली, ती कामाला लागली होती.

तिने नंतर मला समजावलं ते असं. संगणकाच्या भाषेला वस्तूंचे प्रकार माहीत असतात. हा आकडा, हा मजकूर, ही यादी. आकड्याच्या जागी मजकूर आला तर भाषा अडवते. पण ते प्रकार भाषा बनवणाऱ्यांनी ठरवलेले, आणि उपाशीपोटीची साखर वेगळी, चहानंतरची वेगळी, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? भाषेच्या लेखी दोन्ही आकडेच. तेव्हा ज्याला मालाची पारख आहे त्याने स्वतःचा प्रश्न लिहावा, उत्तर फक्त हो किंवा नाही असावं, आणि भाषेने तो प्रश्न आपल्या मूळ प्रकारांच्या पंगतीत मानाने बसवावा. मग त्या प्रश्नाला ‘हो’ आल्याशिवाय आकडा पुढे सरकायचाच नाही. एकदा हो आलं की शिक्का, पण आकड्यात कुणी फेरफार केला की शिक्का पुसला जाणार आणि प्रश्न पुन्हा उभा. एवढं तिला त्या भाषेत आतून घालायचं होतं, आणि ते तिने घातलं. रात्री-बेरात्री परदेशातल्या त्या हौशी मंडळींशी पत्रापत्री करून भांडली. एक जण म्हणाला, याने भाषा मंदावेल. हिने कळवलं, चुकीचं उत्तर लवकर मिळून काय करायचंय? शेवटी त्यांनी ते घेतलं. आज ती भाषा वापरणाऱ्या कुणालाही आपला प्रश्न लिहिता येतो. हे काम उदगीरच्या मुनिमाच्या पोरीने केलंय, आणि लातुरातल्या शोकसभेत त्याबद्दल एक अक्षर कुणी उच्चारलं नाही.

पहिला प्रश्न मी लिहिला. खरंच मी. ती माझ्या लॅबमध्ये शेजारी बसून होती, मी चाचरत टाइप करत होते. त्या भाषेत अशा प्रश्नाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह असतं, ते नावाचाच भाग. तर माझ्या प्रश्नाचं नाव ‘उपाशी?’. रात्रीच्या जेवणाला पुरेसे तास झाले का, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही पोटात गेलं का, एवढं तो पाहतो. तिने मला दोनच नियम घालून दिले. प्रश्नाने विचारायचं, मालाला, म्हणजे आकड्याला, हात लावायचा नाही. आणि उत्तर आलं नाही तर नाही समजायचं. मी वाद घातला, एखाद्याला आठवत नसेल तर? “मंग न्हाईच,” ती म्हणाली. “आठवत न्हाई, बघू, चालतंय की, हे सगळं न्हाईच असतंय, शकू.” अडवल्यावर पडद्यावरच्या लाल चौकटीत काय दिसावं, यावर मी लिहिलं, नमुना अग्राह्य. तिने कपाळावर हात मारला. पेशंटला कळंल असं लिही, म्हणाली, आणि कीबोर्ड ओढून स्वतःच टाइप केलं, ‘चहाबी खाणंच असतंय. उद्या उपाशी या.’

आणि हे कोण लिहीत होतं? तर जिचं चहाशिवाय पान हलत नव्हतं ती. स्वतःची साखर बघायला लातूरहून पहाटेच्या गाडीने यायची, चहा न घेता, त्यामुळे सगळ्या गाडीवर चिडलेली. काउंटरशेजारच्या निळ्या खुर्चीत बसून हात पुढे करायची, “टोच लवकर माय, डोकं उठलंय.” नळी भरली की तिथल्या तिथे दोन कप चहा. मग कुठे माणसात यायची.

कंपनीने हे प्रश्न घातलेलं लॅबचं सॉफ्टवेअर विकायला काढलं आणि गाडी अडली. सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं शिबिरंवाली. त्यांची तक्रार अशी की हे जागोजागी थांबतं. थांबणारच, त्यासाठीच केलंय! मालक तिला म्हणाले, मॅडम, गिऱ्हाइकाला अडवणारं सॉफ्टवेअर कोण घेईल? तिने सांगितलं, मांडवात चहा नंतर द्या, एका पैशाचा खर्च न्हाई. इतकं साधं. पण ते कुणाला नको होतं. एके दिवशी तिला न सांगता दुसऱ्याकडून लाल चौकटीखाली एक बटण घालून घेतलं, ‘तरीही पुढे’. दाबलं की प्रश्न गप्प, आकडा पुढे, वर नाव तेच. ती मालकांच्या केबिनमध्ये जाऊन भांडली. मग तिला बाजूला काढून ट्रेनिंगला टाकलं, आणि नव्या पोरांना ते बटण कुठे असतं हे शिकवायचं काम दिलं. तिने राजीनामा दिला. त्यानंतर घरी शिकवण्या घ्यायची. ऑफिसात तिला खडूस म्हणायचे, बाई ॲडजस्ट करत नाहीत म्हणायचे. त्याच तोंडांनी शोकसभेत हसतमुख म्हटलं.

शोकसभा लातूरला झाली. तिचा कुठल्यातरी लग्नातला फोटो मोठा करून त्याला हार घातला होता. त्यात ती हसतेय, म्हणजे फोटोग्राफरने हसवलं असणार. मालक बोलायला उठले, गळा दाटून आल्यासारखा आवाज काढला आणि जाहीर केलं की मॅडमच्या स्मरणार्थ लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत मोफत तपासणी शिबिरं घेणार, हेच मॅडमचं स्वप्न होतं. माझ्या शेजारी बालाजी बसला होता, त्याने माझा हात धरला. मी सोडवून घेतला आणि उठून उभी राहिले. म्हटलं, “साहेब, त्या शिबिरांत वैजूचे प्रश्न चालू राहणार का? हो की न्हाई, तेवढं सांगा.”

त्यांनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ताईंच्या भावना आपण समजू शकतो, असं सभेला सांगितलं. कुणीतरी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणला. मग सूत्रसंचालकाने घाईघाईने दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं आणि सगळे उभे राहिले. मी तर उभीच होते. मी मालकांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या प्रश्नाला उत्तर आलं नव्हतं, आणि उत्तर आलं नाही तर काय समजायचं ते वैजूने मला शिकवून ठेवलं होतं.

माझ्या लॅबमध्ये अजून तिची जुनी आवृत्ती चालते. कंपनीतून फोन येतात, ताई, अपडेट करून घ्या, नवीन लई सोपं हाय. मी त्यांना विचारते ते बटण आहे का. आहे म्हणतात, वर अभिमानाने म्हणतात, आता मोठं केलंय. मी फोन ठेवते. किती दिवस चालेल माहीत नाही. त्या जुन्या संगणकाचा पंखा आता घरघरायला लागलाय, आणि निळ्या खुर्चीत मी कुणाला बसवत नाही, हे काम करणाऱ्या मुलींना विचित्र वाटतं. वाटू दे.

गेल्या आठवड्यात लोहा गावाकडचे एक म्हातारे आले. शिबिरात साखर निघाली, गोळी सुरू करा म्हणालेत, पण मुलगी म्हणाली आधी एकदा नांदेडला खात्री करून घ्या. हातातला गुलाबी कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वर ठळक अक्षरांत, कै. वैजयंता मॅडम यांच्या स्मरणार्थ. खाली रकाना, उपाशीपोटी. खाली आकडा. शिबिरात काय खाल्लं होतं, असं विचारलं.

“काय न्हाई. च्या दिला त्यांनी, अन् दोन बिस्किटं.”

आज? आजही उपाशीच, म्हणाले, स्टँडावर च्या घेतला तेवढाच. मी ते भरलं आणि लाल चौकट आली. म्हातारे कुरकुरले, एवढ्या लांबून आलोय, दाबा की कायतरी न् घ्या. दाबायला काही नाही, असं म्हणून मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा सावरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, चहाबी खाणंच असतंय, उद्या उपाशी या. मग हसले. “हे कोण बोलायलंय?”

मी त्यांच्या गुलाबी कागदावर, वरच्या नावावर बोट ठेवलं. ते कागदाकडे बघत राहिले, पडद्याकडे बघत राहिले.

“ह्यांच्याच नावानं तर च्या पाजला की तिथं,” ते म्हणाले.

“ह्यांनी न्हाई पाजला, बाबा,” मी म्हटलं. “उद्या या. काही न घेता या.”

ते दुसऱ्या दिवशी आले. उपाशी आले, त्यामुळे चिडलेले होते. मी त्यांना निळ्या खुर्चीत बसवलं.